मंत्रचळावर झुरका

मानसोपचारतज्ज्ञाच्या टेबलासमोर पंचविशीतला मुलगा बसला आहे, शेजारी आई. बोलते ती आईच. आंघोळीला दीड तास लागतो, कुलूप ओढून ओढून कडी सैल झाली, परवा अर्ध्या रस्त्यातून गॅस बघायला परत आला. डॉक्टर तिला जरा बाहेर बसायला सांगतात. दार लागल्यावर मुलगा आवाज खाली आणून म्हणतो, "एकच गोष्ट लागू पडते, डॉक्टर. रात्री एक जॉइंट मारला की डोकं बंद होतं."

हा प्रसंग माझ्या कल्पनेतला आहे, पण ओसीडीच्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या कुणालाही तो नवा वाटणार नाही. त्या मुलाला खोटारडा म्हणून निकालात काढता येत नाही, कारण त्याला खरोखरच आराम पडतो. शोध घ्यायचा तो एवढाच, की हा आराम नक्की कशाचा आहे.

ओसीडीला मराठीत एक जुना शब्द आहे, मंत्रचळ. तो ऐकला की माझ्या डोळ्यांपुढे अक्षर चुकल्याच्या शंकेने पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारा जप येतो, आणि आजाराचं चित्र म्हणून हे वर्णन अगदी चपखल आहे. आधी विचार येतो: हात घाण आहेत, कुलूप लागलं नाही, देवासमोर उभं असताना मनात शिवी आली, आपल्याच हातून बाळाला काही होईल. हे विचार त्या माणसाला मुळीच नको असतात. ते त्याच्या स्वभावाच्या उलट असतात, म्हणून तर तो हादरतो. मग तो विचार शमवायला कृती येते: धुणं, तपासणं, मोजणं, मनातल्या मनात उलटा मंत्र म्हणणं, बायकोला दहाव्यांदा "नक्की ना?" विचारणं. कपाटातल्या घड्या नीट लागतात म्हणून "मला थोडा ओसीडीच आहे" असं कौतुकाने सांगणाऱ्यांनी एकदा अशा घरात दिवस काढून बघावा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आपल्याकडे हा आजार असलेल्या प्रौढांचं प्रमाण ०.८ टक्क्याच्या आसपास आढळलं. टक्केवारीत हा आकडा किरकोळ दिसतो. माणसं मोजली तर लाखांत जातात.

या आजाराची खरी गोम कृतीनंतरच्या क्षणात आहे. हात धुतले की छातीतली धडधड उतरते. मेंदू नोंद करून ठेवतो की धुतलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तीच भीती थोडी मोठी होऊन येते, कारण तिच्यापासून वाचवणारा उपाय आता ठरलेला असतो. सुटकेचा प्रत्येक घोट तहान वाढवत नेतो. डोळ्यांच्या वरच्या बाजूला असलेला मेंदूचा पुढचा भाग, खोलवरचा स्ट्रायटम आणि थॅलॅमस यांच्यात फिरणारं एक वर्तुळ ओसीडीत गरजेपेक्षा जास्त तापलेलं दिसतं. 'झालं, आता पुढे चला' हा निरोप तिथे पोचतच नाही, असं म्हणायला हरकत नाही.

नेमक्या याच वर्तुळात गांजाला शिरायला दारं आहेत. गांजाची नशा ज्या रसायनामुळे येते ते टीएचसी इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ साली शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं. पुढे कळलं की टीएचसी जिथे जाऊन बसतं ते सीबी-१ नावाचे ग्राहक मेंदूत आधीपासूनच आहेत, आणि स्ट्रायटमच्या परिसरात तर ते दाटीवाटीने आहेत. चिलमीची सोय म्हणून निसर्गाने ते ठेवले नसणार, हे उघड होतं. १९९२ मध्ये मेशुलम यांच्याच गटाला मेंदू स्वतः तयार करत असलेलं, त्याच कुलपात बसणारं रसायन सापडलं. त्याचं नाव त्यांनी आनंदमाइड ठेवलं. त्यातला 'आनंद' म्हणजे आपला संस्कृतातला आनंदच. २००२ मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगाने दाखवलं की सीबी-१ ग्राहक नसलेले उंदीर घाबरायला शिकतात, पण भीतीचं कारण संपल्यावर ती भीती विसरायला त्यांना फार जड जातं. भीती विझवणारी यंत्रणा आणि गांजाची यंत्रणा एकमेकींना लागून आहेत, असा त्याचा अर्थ. म्हणजे त्या मुलाचा अनुभव हवेत नाही. त्याच्या पाठीशी जीवशास्त्र आहे.

आता आकडे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या कॅरी कटलर आणि सहकाऱ्यांनी २०२१ च्या सुमारास एक पाहणी प्रसिद्ध केली. औषध म्हणून गांजा वापरणारे लोक एका मोबाइल अ‍ॅपमध्ये ओढण्याआधी आणि नंतर आपली लक्षणं किती तीव्र आहेत त्याचे गुण नोंदवत होते. त्यांतल्या, स्वतःला ओसीडी आहे असं सांगणाऱ्या ८७ जणांच्या ३१ महिन्यांतल्या १,८१० नोंदी संशोधकांनी तपासल्या. झुरक्यानंतर कृतींची ओढ सरासरी ६० टक्क्यांनी, नको ते विचार ४९ टक्क्यांनी आणि चिंता ५२ टक्क्यांनी उतरलेली दिसली. ज्या मालात सीबीडी जास्त, त्यात कृतींची ओढ अधिक कमी झाली. हे सीबीडी म्हणजे गांजातलंच, पण नशा न आणणारं दुसरं रसायन.

एवढं वाचून कुणीही म्हणेल, मग अडलं कुठे? अडतं ते तुलनेपाशी. माणूस नोंद कधी करतो, तर विचारांचा भुंगा शिगेला पोचलेला असतो तेव्हा. शिगेवरून पुढे उतारच असतो. गांजा ओढला तरी, चहा प्यायला तरी. शिवाय काय ओढतोय हे त्याला माहीत असतं, आणि त्याने आराम पडतो या विश्वासानेच तर तो ओढत असतो. ज्यांना आराम पडला नाही त्यांनी अ‍ॅप कधीच काढून टाकलं असेल. हाच अभ्यास आणखी एक गोष्ट सांगतो, ती बातम्यांत फारशी आली नाही. जसजशा नोंदी पुढे सरकल्या तसतसा नको त्या विचारांवरचा परिणाम ओसरत गेला. पन्नासाव्या झुरक्याने विचार पाचव्याइतके हटत नव्हते.

तुलना झाली ती न्यूयॉर्कमध्ये. कोलंबिया विद्यापीठातल्या रायली केझर आणि सहकाऱ्यांनी ओसीडी असलेल्या आणि पूर्वी गांजा ओढलेल्या १४ जणांना घेतलं. त्यांपैकी १२ जणांनी प्रयोग शेवटपर्यंत पूर्ण केला. प्रत्येकाने वेगवेगळ्या दिवशी तीन प्रकारचा गांजा ओढला. एकात टीएचसी ७ टक्के, दुसऱ्यात सीबीडी १०.४ टक्के, आणि तिसऱ्यात दोन्ही काढून घेतलेली, नावापुरती गांजाची फुलं. कुठला दिवस कशाचा हे ओढणाऱ्याला सांगितलं नव्हतं. ओढल्यावर ठरावीक अंतराने लक्षणांची तीव्रता विचारली गेली. टीएचसीच्या दिवशी नाडी वाढली, रक्तदाब वाढला, नशा चढली, हे अपेक्षेप्रमाणेच. ओसीडीची लक्षणं मात्र तिन्ही दिवशी सारखीच उतरली. रिकामा गांजा ओढला त्या दिवशीही! आणि ओढल्यानंतर लगेचची चिंता सर्वांत कमी कुठे होती, तर त्या रिकाम्या सिगारेटीच्या दिवशी.

प्रयोग फार छोटा आहे. बारा माणसांवरून जगाचा निर्णय लावता येत नाही, आणि महिनोन्‌महिने ओढणाऱ्याचं काय होतं याबद्दल तो काही बोलत नाही. पण तो वाचताना मला राहून राहून वाटलं, की त्या तीन दिवसांत जे औषध काम करत होतं त्याचं नाव कुठल्याच पाकिटावर नव्हतं. वेळ जात होता, बस्स. भीती वर चढते आणि, आपण काहीही न करता थांबलो, तर आपोआप खाली येते. ओसीडी असलेल्या माणसाला हे कळायची संधीच मिळत नाही, कारण उतार सुरू व्हायच्या आधीच तो नळाकडे धावलेला असतो. आणि श्रेय जातं नळाला. किंवा जॉइंटला.

या एकाच गोष्टीवर ओसीडीची सर्वांत भरवशाची मानसोपचार पद्धत उभी आहे. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये दोन रुग्णांवर ती करून पाहिली. त्या काळी अशा रुग्णांपुढे डॉक्टर हात टेकत. मेयर यांनी रुग्णाला ज्याची धास्ती त्याच वस्तूला हात लावायला सांगितला आणि नंतर धुण्यावर बंदी घातली. परिचारिका पहाऱ्याला आणि खोलीतलं पाणी चक्क बंद. ऐकायला क्रूर वाटतं. आज ते इतकं धसमुसळेपणाने करत नाहीत. रुग्णाशी बोलून, सोप्या पायरीपासून सुरुवात करून, त्याच्या संमतीने पुढे जातात. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ईआरपी म्हणतात. घाबरवणाऱ्या गोष्टीला सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही, इतकी साधी तिची कल्पना आहे, आणि ती नेटाने पूर्ण करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांना तिचा चांगला गुण येतो. तिच्यात माणूस शिकतो ते हे, की कुलूप पुन्हा न ओढता गेलो, भीती छातीवर बसली, काही वेळाने उतरली, आणि ती उतरवणारा मी होतो.

इथे जॉइंट आडवा येतो. दारू पिऊन पोहायला शिकलेल्या माणसाला शुद्धीत पाण्याची भीती वाटावी, तसं होतं. "कुलूप न तपासता झोपलो, काही झालं नाही" हा अनुभव मेंदू "गांजा होता म्हणून काही झालं नाही" या खात्यावर टाकतो. हळूहळू झुरकाच त्या साखळीतली एक कडी होतो. आधी विचार आला की हात धुवायचे, आता विचार आला की पाकीट शोधायचं. पाकीट रिकामं असेल या शंकेने संध्याकाळी चार वेळा खिसा चाचपायचा. मंत्र बदलला, चळ तोच.

पण म्हणून त्या मुलाला 'गांजेकस' म्हणून झटकून टाकणारे डॉक्टर आणि नातेवाईकही मला बरोबर वाटत नाहीत. त्याच्या बाजूने बघा. ओसीडीला दिल्या जाणाऱ्या फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन यांसारख्या गोळ्या नैराश्यापेक्षा बऱ्याचदा जास्त मात्रेत द्याव्या लागतात, आणि त्यांचा परिणाम नीट कळायला दहा-बारा आठवडे जातात. तोंड कोरडं पडतं, पोट बिघडतं, लैंगिक इच्छा मंदावते. हे शेवटचं कुणी मोकळेपणाने विचारत नाही आणि मुलगाही सांगत नाही, गुपचूप गोळी बंद करतो. पहिल्या गोळीने पुरेसा फरक न पडणाऱ्यांची संख्या निम्म्याच्या आसपास असते. ईआरपी नीट शिकलेला मानसशास्त्रज्ञ पुण्या-मुंबईतही शोधावा लागतो, मग जालना-गडचिरोलीचं काय बोलायचं! एका बाजूला बारा आठवडे, दुसऱ्या बाजूला बारा मिनिटं. वीस-पंचविसाव्या वर्षी, रात्री दोन वाजता, डोक्यात किडा वळवळत असताना माणूस काय निवडेल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

संशोधकांनीही दार लावून घेतलेलं नाही. भीती विझवायला सीबी-१ लागतो, तर त्याला हलकेच ढोसून ईआरपी अधिक लवकर मुरवता येईल का, असं त्यांना वाटतं. केझर यांच्याच गटाने नॅबिलोन नावाची, टीएचसीच्या नकलेवर बनवलेली गोळी ११ रुग्णांना चार आठवडे देऊन पाहिली. काहींना नुसती गोळी, काहींना गोळी आणि ईआरपी. नुसत्या गोळीने फारसं काही झालं नाही. दोन्ही मिळालेल्यांना बराच फायदा झाला. यातला किती गोळीचा आणि किती ईआरपीचा, हे त्या मांडणीतून सुटं करता येत नाही, कारण नुसती ईआरपी मिळालेला गटच नव्हता. २०१९ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त ८३ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. कुठल्याही मानसिक आजारावर उपचार म्हणून गांजातली रसायनं द्यावीत असं म्हणण्याइतका पुरावा त्यांत सापडला नाही.

श्रेय आणि दोष चुकीच्या खात्यावर टाकण्याची ही खोड जुनी आहे. गांजाने माणसं वेडी होतात आणि वेड्यांची इस्पितळं त्यांनीच भरली आहेत अशी ओरड ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेली, तेव्हा १८९३ मध्ये सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याने देशभर फिरून १,१९३ साक्षीदार तपासले. मुंबई इलाख्यातली गांजाची मुख्य लागवड त्या वेळी अहमदनगर जिल्ह्यात होती, त्यामुळे आपला मुलूखही त्या अहवालात आहे. आयोगाने इस्पितळांची दप्तरं उघडली तेव्हा गंमत निघाली. 'वेडाचं कारण' या रकान्यात गांजा हा शब्द बऱ्याचदा रुग्णाला आणून सोडणाऱ्या पोलिसाच्या सांगण्यावरून, काही न पडताळता भरलेला होता. तेव्हा रोगाचं कारण म्हणून गांजा लिहून मोकळे होत, आता आरामाचं कारण म्हणून लिहितात.

अर्थात त्या आयोगासमोरचा गांजा आणि आजचा गांजा एक नव्हे. लंडनच्या मार्ता दि फोर्ती आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणच्या रुग्णांचा अभ्यास केला. जास्त टीएचसीचा माल रोज ओढणाऱ्यांत सायकोसिसची, म्हणजे भास-भ्रमांच्या गंभीर आजाराची, शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळजवळ पाच पट आढळली. न्यूयॉर्कच्या त्या सिगारेटीत निदान ७ टक्के हे प्रमाण ठरलेलं तरी होतं. आपल्याकडे नाक्यावर कागदाच्या पुडीत मिळणाऱ्या मालात काय किती आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि मात्रेवर सगळं अवलंबून आहे. शिकागोच्या एका प्रयोगात निरोगी माणसांना तणावाच्या परीक्षेला बसवण्याआधी टीएचसी दिलं. ७.५ मिलिग्रॅम मिळालेल्यांचा ताण जरा हलका झाला, १२.५ मिलिग्रॅम मिळालेले उलट अस्वस्थ झाले. पुडीत एवढासा फरक मोजणार कोण? ज्याच्या मनाला आधीच 'मला वेड लागेल का' हा प्रश्न कुरतडतो, त्याला जास्त झालेला गांजा त्या प्रश्नाचं खतपाणी होतो. भांगेचं तर आणखी वेगळं. पोटातून चढायला तिला तास-दोन तास लागतात. "काही होत नाही" म्हणून दुसरा पेला घेणाऱ्याची गत होळीला सगळ्यांनी पाहिलेली असते.

कायद्याचंही थोडक्यात सांगायला हवं, कारण त्याबद्दल समज फार सैल आहेत. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांग केंद्राच्या या कायद्यातून सुटते. महाराष्ट्रात मात्र ती दारूबंदी कायद्याखाली येते आणि तिला परवाना लागतो. गांजा ओढताना सापडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला तर त्याला खटल्यापासून संरक्षण देणारं ६४-अ हे कलमही त्याच कायद्यात आहे. पानांच्या या पळवाटेतूनच 'विजया' या आयुर्वेदिक नावाने तेलं आणि गोळ्या आता ऑनलाइन मिळू लागल्या आहेत, आणि चिंतेपासून झोपेपर्यंत सगळ्यावर त्या सुचवल्या जातात. त्यांतलं सीबीडी यकृतातल्या काही विकरांना मंदावतं. सर्ट्रालिन, सिटालोप्रॅम, क्लोमिप्रामिन यांसारख्या गोळ्यांचा निचरा त्याच वाटेने होतो, त्यामुळे रक्तातली त्यांची पातळी डॉक्टरांना न कळता चढू शकते. तेल घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. जॉइंटचंही सांगा. बहुतेक डॉक्टर पोलीस चौकीला फोन करत नाहीत.

सोडायचं ठरवलं तर पहिल्या पंधरवड्याची माहिती आधीच असलेली बरी. रोज ओढणाऱ्याला एक-दोन दिवसांत चिडचिड सुरू होते, झोप उडते, स्वप्नं भडक पडतात, चिंता वाढते. पहिला आठवडा सर्वांत वाईट, मग साधारण दोन आठवड्यांत बरंचसं निवळतं. नेमक्या याच दिवसांत ओसीडीही उसळल्यासारखा वाटतो आणि माणूस म्हणतो, बघा, गांजाशिवाय माझं हे असं होतं. ते बरंचसं सोडल्याचं असतं.

तर तो मुलगा. डॉक्टरांनी आईला परत आत बोलावण्याआधी त्याला एक साधी वही दिली असं समजू. चार रकाने: विचार किती वाजता आला, शंभरपैकी किती जोराचा, काय केलं, आणि तासाभराने किती उरला. रोज रात्री एकदा तरी तिसरा रकाना कोरा ठेवायचा, एवढीच अट. नळ नाही, कुलूप नाही, जॉइंट नाही. पहिल्या रात्री त्याने ११ वाजून १० मिनिटांसमोर ९० लिहिले, पलंगावर बसून राहिला, दोनदा उठून दारापर्यंत गेला आणि हात न लावता परत आला. १२ वाजून १० मिनिटांनी वही उघडली आणि चौथ्या रकान्यात पेन टेकवून बराच वेळ विचार करत राहिला, कारण पंचावन्न लिहावे की पन्नास हे त्याला ठरवता येईना.